आल्प्सची रंगीत तालीम

१९६४ सालचा पोळा होऊन आठवडा झाला असेल. आम्ही चौघं नांदुऱ्याहून जळगाव जामोदच्या एस.टी.त चढलो तेव्हा आमच्या सामानात चार घोंगड्या, चार कानटोप्या, एक स्टोव्ह, शाळेच्या प्रयोगशाळेतलं एक थर्मामीटर आणि विहिरीच्या मोटेचा नाडा, म्हणजे साठ हात लांब जाड दोर, होता. कंडक्टर बराच वेळ नाड्याकडे बघत राहिला.

"नाडा दिसून राह्यला. मोट कुठी आहे?"

"मोट आल्प्समंधी आहे," गुलाबराव म्हणाला.

"ते आसलगावच्या अलीकडं येते का पलीकडं?"

"पलीकडं," गुलाबराव म्हणाला. कंडक्टरनं समाधानानं घंटी मारली.

खुलासा केला पाहिजे. आल्प्स पर्वत युरोपात आहे, हे धाडच्या शाळेत सातवीला मीच शिकवत असे. शास्त्र आणि भूगोल हे माझे विषय, आणि जिल्ह्याच्या साप्ताहिकात दर शुक्रवारी चेहरा सरळ ठेवून वाकडं लिहिणं हा माझा उद्योग. स्वित्झर्लंडमधल्या एका गिरिप्रेमी मंडळानं नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांतल्या हौशी माणसांना बोलावलं होतं: चाळीस दिवसांत आल्प्स या टोकापासून त्या टोकापर्यंत पायी ओलांडायचा, जाण्यायेण्याचा खर्च मंडळाचा. जाहिरात इंग्रजी पेपरात आली होती. मी गंमत म्हणून अर्ज टाकला. उत्तर आलं तेव्हा गंमत संपली.

अटी दोनच होत्या. आधी आपल्याकडच्या डोंगरात ओझ्यासह सलग सहा दिवस चालून त्याची रोजची नोंदवही पाठवायची. आणि संघ तिघांचा.

आम्ही चौघं होतो.

हिंमतराव आमच्या शाळेचे ड्रिलमास्तर. अर्जावर पुढारी म्हणून त्यांचं नाव आपोआप पडलं, कारण त्यांच्याशिवाय कुणाजवळ शिट्टी नव्हती. मला इंग्रजी येत होतं. धामणगाव बढ्याचा पंजाबराव मिरचीवाला शेतकरी, दीड मण ओझं पाठीवर घेऊन गप्पा मारत चालणारा. आणि गुलाबराव, धाडचा पोस्टमन, माझा बालमित्र. एकोणीस वर्षं रोज सोळा मैल चालत होता, सगळे सपाटीवर. दुसऱ्यांची पत्रं पोचवण्यात त्याचा जन्म गेला होता, आणि त्याला स्वतःला आयुष्यात एकही पत्र आलं नव्हतं. आल्प्समधून स्वतःच्या नावावर एक पत्र टाकायचं आणि इथं येऊन ते स्वतःच्या दारात स्वतःच पोचवायचं, हे त्यानं ठरवलं होतं. बायकोला, पुष्पाबाईंना, त्या दिवशी दार उघडायला नवं लुगडं नेसून बसायचं असल्याचं त्यानं सांगूनही टाकलं होतं.

चौघांतून तीन निवडायचे कसे, यावर हिंमतरावांनी तोडगा काढला. "जो पयला मागं फिरंल, त्याचं नाव कटाप. पंच कोनी नाही, डोंगरच पंच."

"मंग मी कटाप होत नाही," गुलाबराव म्हणाला. "मागं फिराची मले सवयच नाही. टपाल पोचोल्याबिगर मी फिरलो का कधी?"

आता हिंमतरावांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला असं पंजाबराव अजून म्हणतो. शाळेच्या स्नेहसंमेलनाचं नाटक दरवर्षी हिंमतराव बसवत, आणि त्यांची तालीम म्हणजे रंगीत तालीमच असे. शिवाजी महाराजांचं काम करणाऱ्या मुलाला तालमीच्या पंधरवड्यात घरी जेवतानासुद्धा तलवार सोडण्याची परवानगी नसे. तोच नियम त्यांनी इथं लावला. सातपुड्यात पाय टाकल्यापासून सातपुडा हा शब्द तोंडातून निघता कामा नये. नाला दिसला तर बर्फाची नदी म्हणायचं. ऊन पडलं तर बर्फाची तिरीप डोळ्याला लागते म्हणून हात आडवा धरायचा. चौदा हजार फुटांवर जसं चालतात तसं चालायचं, एक पाऊल आणि एक श्वास, आणि चौघांनी कमरेला नाडा बांधूनच चालायचं. पुढे हिंमतराव, मग पंजाबराव, मग मी, शेवटी गुलाबराव.

आम्ही निवडलेला डोंगर जळगाव जामोदच्या उत्तरेला आहे. सरकारी नकाशात त्याची उंची दोन हजार आठशे सत्तर फूट दिली आहे. स्थानिक लोक त्याला नुसतं 'माथा' म्हणतात. त्याच्या पायथ्याशी सात-आठ घरांची वाडी होती. तिथल्या पहिल्या घरात अंबूबाई नावाच्या म्हातारीनं आम्हाला ताक दिलं.

"कुठी चाल्ले, भाऊ?"

नियम म्हणजे नियम. हिंमतराव छाती काढून म्हणाले, "आल्प्सवर, बाई. चौदा हजार फूट."

म्हातारीनं आमच्या कानटोप्यांकडे पाहिलं. हसली नाही.

"वर गेल्यावर असं काई बोलू नका बाप्पा. आमची पोरं गुरं घेऊन जाते, तिथं लपाछपी खेळत नाही का घरघर खेळत नाही. खरं असंल थेच बोला लागते."

"काऊन?" पंजाबरावनं विचारलं.

"त्या डोंगराले गंमत समजत नाही," ती म्हणाली आणि ताकाचे पेले विसळायला आत गेली.

मला ते पटलं. गंमत न समजणारे मी बरेच पाहिले होते. त्यांतले काही आमच्या साप्ताहिकाचे वर्गणीदार होते.

पहिले तीन दिवस आम्ही माथ्याच्या खालच्या सोंडांवर चाललो. ते दिवस मजेत गेले. सागाच्या जंगलातून घाम पुसत आम्ही थंडीनं कुडकुडण्याचा अभिनय करत होतो. पंजाबराव दर फर्लांगाला थांबून "बर्फ लई पडून राह्यलं" म्हणे, आणि हिंमतराव मान डोलावत. एक गुराखी आमच्या मागे अर्धा मैल आला, मग देवाचं नाव घेत परत गेला. संध्याकाळी मी वहीत नोंद करी. एका ओळखीच्या भूमापकानं उंची मोजायचं पितळी यंत्र उसनं दिलं होतं, घड्याळासारखं, काटा फुटांवर फिरणारं. पहिला दिवस, अकराशे फूट. दुसरा, सोळाशे. तिसरा, एकवीसशे. नकाशाशी तंतोतंत.

चौथ्या दिवशी सकाळी धुकं उतरलं. त्या महिन्यात तिकडे ते उतरतंच. नकाशाप्रमाणे माथा आता सातशे सत्तर फूट वर होता. दोन तासांचा चढ. आम्ही सात वाजता नाडा बांधला आणि एक पाऊल, एक श्वास असे निघालो.

बारा वाजता आम्ही चढतच होतो.

यात नवल नव्हतं. धुक्यात माणूस गोल फिरतो, हे मी मुलांना आकृती काढून शिकवलं होतं. पण गोल फिरणारा माणूस कधीतरी खाली उतरतो. आम्ही उतरलो नव्हतो. जेवायला थांबलो तेव्हा मी यंत्र काढलं. चार हजार एकशे.

"बिघडलं," मी म्हणालो.

"मीटर-फुटाचा घोळ असंल," हिंमतराव म्हणाले. तेव्हा सरकारनं मीटर नवेच आणले होते आणि जिल्ह्यात काहीही चुकलं तरी दोष मीटरवर ढकलायची सोय झाली होती. मी यंत्र उलटसुलट करून पाहिलं. त्याच्यावर फूटच लिहिलेलं होतं.

पंजाबरावनं स्टोव्हवर तुरीची डाळ लावली होती. तासाभरानं त्यानं झाकण काढून दाणा चेपला आणि मला हाक मारली.

"मास्तर, डाळ शिजून नाही राह्यली."

"जुनी असेल."

"जुनी? माह्या वावरातली हाय. अर्ध्या घंट्यात लोणी होते तिचं."

आणखी तासभर झाला. दाणा तसाच टणक. आम्ही दातांखाली कडकड वाजणारी डाळ भाकरीशी खाल्ली. मला एक शंका आली होती, आणि ती इतकी हास्यास्पद होती की तपासून मोकळं झालेलं बरं. मी पातेल्यात पाणी उकळत ठेवलं आणि थर्मामीटर घातलं. आठवीच्या पुस्तकात आहे: जितकं उंच जावं तितकं पाणी कमी तापमानाला उकळतं. त्या डोंगरावर सत्त्याण्णव अंश यायला हवे होते.

पाणी खळखळ उकळत होतं. पारा पंच्याण्णववर थांबला होता.

पंच्याण्णव म्हणजे साधारण पाच हजार फूट. म्हणजे यंत्र बिघडलेलं नव्हतं, आणि आम्ही जेवत बसलो होतो तेवढ्यात आणखी वर गेलो होतो.

मी वहीत लिहिलं: 'धुकं. डाळ कच्ची.'

पाचव्या दिवशी सकाळी झाडं नव्हती. साग संपला होता, सालई संपली होती. पायाखाली बोटभर उंचीचं तांबूस गवत आणि दगड. रातकिडे, पाखरं, गुरांच्या घंटा, कशाचाच आवाज नव्हता. आपण कानात कापूस घालून बसलो आहोत असं वाटत होतं. पंजाबरावचं डोकं ठणकत होतं. हिंमतरावांनी शिट्टी फुंकली, पण ती पूर्ण वाजण्याआधीच त्यांचा दम गेला. आम्ही एक पाऊल टाकत होतो, एक श्वास घेत होतो, आणि बऱ्याच वेळानं माझ्या लक्षात आलं की आता कुणीच अभिनय करत नव्हतं. त्याच्याशिवाय चालताच येत नव्हतं.

यंत्र: नऊ हजार आठशे. उकळतं पाणी: नव्वद.

फक्त गुलाबराव मजेत होता. नाड्याच्या शेवटच्या टोकाला त्याचं गुणगुणणं ऐकू येत होतं.

"भगवंता," त्यानं मला मागून हाक मारली, "पाह्य बे, जमून राह्यलं!"

"काय जमून राह्यलं?"

"हेच. मले वाटे आपुन म्हातारे झालो, इतलं उंच आपल्याच्यानं होत नाही. होऊन राह्यलं ना बे!"

"गुलाब, हा डोंगर अठ्ठावीसशे सत्तर फुटांचा आहे."

"हाव ना. मंग त आनखीच कमाल."

त्याचं तर्कशास्त्र हे नेहमी असंच असे. त्या दिवशी मात्र माझ्याकडे त्याहून बरं तर्कशास्त्र नव्हतं.

दुपारी हिंमतराव थांबले. वळून आमच्याकडे पाहिलं. ओठ निळसर झाले होते. संमेलनात पडदा अडकला, राजाची मिशी पडली, तेव्हाही हा माणूस गांगरला नव्हता. आता घोगऱ्या आवाजात ते म्हणाले, "तालीम बंद."

आम्ही उभे राहिलो.

"आयकलं का? तालीम बंद. हा सातपुडा हाय. आपुन जळगाव जामोद तालुक्यात हाव. सगळे म्हना."

आम्ही म्हणालो. पंजाबरावनं दोनदा म्हटलं. मग आम्ही काहीतरी घडायची वाट पाहत राहिलो. धुकं होतं तसं होतं. थोड्या वेळानं पंजाबरावच्या घोंगडीवर पांढरं काहीतरी भुरभुरू लागलं. त्यानं ते बोटानं टिपलं, जिभेला लावलं आणि बोट घोंगडीला पुसलं. काय होतं ते सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

सहाव्या दिवशी सकाळी डब्यातलं पाणी वाजलं नाही. गोठलं होतं.

यंत्र चौदा हजार दोनशे दाखवत होतं. पंजाबरावला उलट्या सुरू झाल्या होत्या. हिंमतराव म्हणाले, "उतरा. सगळ्याईनं संगंच फिराचं. म्हंजे कोनीच पयला नाही, कोनीच कटाप नाही."

गुलाबराव म्हणाला, "सगळ्याईनं काऊन? सहा रोज भरले नाही अजून. आज संध्याकाळी भरते. आता माथा टेकल्याबिगर उतरलो त वही अर्धी, आन् अर्धी वही त्याईले चालत नाही. मंग कोनीच जात नाही."

हे खरं होतं. वही मीच लिहीत होतो.

"जीव ठेवाचा का वही?" हिंमतराव म्हणाले.

"मले काईच होऊन नाही राह्यलं. पाहा ना माह्याकडं." त्याला खरंच काही होत नव्हतं. गाल लाल झाले होते, इतकंच. "वर उजेड दिसून राह्यला. माथा हे इथं आहे. मले अर्धा घंटा द्या. मी टेकून येतो, मास्तर वहीत लिहीन, आन् मंग संगंच उतरू, उतरता उतरता सहावा रोज भरते. चौघाईतून एक टेकला त संघ टेकला."

धुक्यात वरच्या बाजूला खरंच थोडा उजेड होता.

हिंमतरावांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांना बोलायला श्वास पुरत नव्हता. नाही म्हणायचं काम माझं होतं. तो माझा मित्र होता, आणि माझं तो ऐकत असे. पण त्याच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी लहानपणापासून कधी पाहिलं नव्हतं, आणि मलाही, खोटं कशाला सांगू, ती वही पूर्ण व्हायला हवी होती.

"अर्धा तास," मी म्हणालो.

त्यानं कमरेची गाठ सोडली. नाड्याचा रिकामा फास माझ्या मागे गवतावर पडला. मी वहीत वेळ लिहिली: दहा वाजून वीस मिनिटं.

तो गेला. दहा पावलांवर दिसेनासा झाला. पण त्याच्या काठीचा आवाज येत राहिला. दगडावर टक. मग टक. टपाल वाटताना असते तीच चाल.

अर्धा तास झाला. काठी वाजत होती. लांब, पण वरच.

अकरा वाजले.

साडेअकराला मी हाक मारली. हाक माझ्या तोंडापासून हातभर जाऊन संपली.

बारा. टक. टक. अजून वर. इतक्या वेळात सपाटीवर तो सहा मैल गेला असता.

एक वाजता पंजाबराव बसल्या जागी कलंडला. मग आम्ही उतरलो. एवढंच लिहितो. कुणी ठरवलं, कुणी नाडा ओढला, याबद्दल आम्हा तिघांत नंतर कधी बोलणं झालं नाही.

उतरायला चाळीस मिनिटं लागली.

साडेपाच दिवस चढलेली वाट चाळीस मिनिटांत संपली. सागाची झाडं आली, चिखल आला, कोंबडा आरवला, आणि अंबूबाईचं घर आलं. आम्ही घामानं भिजलो होतो. म्हातारीनं आम्हाला मोजलं आणि तीन पेले आणले.

पुढचे अकरा दिवस शोध चालला. वनखात्याची माणसं आली, पोलीस आले, धाडचे पन्नास लोक ट्रकनं आले. हवा स्वच्छ झाली होती. मी स्वतः चार वेळा माथ्यावर गेलो. वाडीपासून दीड तास. वर शेण पडलेलं सपाट मैदान आहे, गुरं चरतात, एक बोरीचं झाड आहे. यंत्र दोन हजार आठशे सत्तर दाखवत होतं. पाणी सत्त्याण्णवला उकळलं. मैदानावर लपण्यासारखा एक खड्डा नाही, पडण्यासारखा एक कडा नाही. जिथं आम्ही डाळ शिजवत बसलो होतो ती जागाही सापडली. स्टोव्हचं रॉकेल सांडल्याचा डाग आणि टणक डाळीचे दाणे. ती जागा वाडीच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर होती.

फौजदारानं मला तीनदा विचारलं, "म्हणजे तुम्ही तीन दिवस इथंच बसला होता?"

मी तीनदा म्हणालो, "असं दिसतं खरं."

पुष्पाबाई वाडीतच येऊन राहिल्या होत्या. रोज सकाळी माथ्याकडे तोंड करून बसत. मला दोष देत नसत. मी समोर आलो की पदर सारखा करून म्हणत, "भाऊजी, जेवले का?" त्यापेक्षा चप्पल मारली असती तर बरं झालं असतं.

बाराव्या दिवशी, सकाळी नवाच्या सुमारास, गवत कापणाऱ्या बायकांनी त्याला पाहिलं. माथ्यावरून काठी टेकत, आपल्या नेहमीच्या चालीनं उतरत येत होता. ऊन चांगलंच तापलं होतं. त्यानं कानटोपी घातली होती, घोंगडी गळ्यापर्यंत आवळली होती, आणि घोंगडी ओली होती. वाडीत आला, अंबूबाईच्या ओट्यावर बसला, आणि भाकरी मागितली. एका वेळची भूक लागलेल्या माणसासारखी दीड भाकर खाल्ली. मग वहाणा काढल्या, तेव्हा बायका ओरडल्या.

बुलढाण्याच्या सरकारी दवाखान्यातले डॉक्टर दोन वर्षांपूर्वी चीनच्या लढाईत नेफाच्या आघाडीवर होते. त्यांनी गुलाबरावाच्या पायांची काळी पडलेली बोटं पाहिली. मग मला बाहेर व्हरांड्यात नेलं.

"हा माणूस कुठं होता?"

"जळगाव जामोदला."

"मास्तर, ही हिमदंशाची बोटं आहेत. अशी मी दोनशे माणसांची कापली आहेत. बर्फात तीन-चार तास उभं राहिल्याशिवाय हे होत नाही."

"मग?"

त्यांनी सिगारेट पेटवली. बाहेर छत्तीस अंश तापमान होतं, मी भिंतीवरच्या थर्मामीटरवर पाहिलं. "कागदावर मी गँगरीन लिहितो," ते म्हणाले. "कारण लिहीत नाही."

डाव्या पायाची तीन बोटं गेली, उजव्याची दोन. आल्प्सचा विषय त्याच्यापुरता संपला. पोस्टातलं चालणंही संपलं. त्याला हे सांगायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. शस्त्रक्रियेनंतर आठव्या दिवशी मी गेलो. दुपारची वेळ होती. पुष्पाबाई खाटेच्या पायथ्याशी मोसंबं सोलत बसल्या होत्या. गुलाबराव उशीला टेकून बसला होता. तब्येत छान दिसत होती.

"या, बसा," तो म्हणाला.

मी बसलो. त्याला सगळं सांगितलं. तो शांतपणे ऐकत होता, पोस्टात तक्रार घेऊन आलेल्या गिऱ्हाईकाचं ऐकावं तसं.

"त्याचं मले वाईट नाही वाटत," तो म्हणाला. "मले जाताच येत नव्हतं. जागा तीनच होत्या."

"असं का म्हणतोस? तू टेकलास ना माथ्याला?"

"कुठचं टेकलो. मी चढत होतो. अर्धा घंटा झाला असंल, जास्ती नाही. तवा थे तिघं मागून आले."

"कोण तिघं?"

"आमचेच. नाड्याले बांधेल. पुढं हिंमतराव, मंग पंजाब, मंग भगवंता. त्याच्या मागं माही गाठ खालीच लोंबत होती. माह्या बाजूनं वर निंगून गेले. हिंमतरावानं पाह्यलं नाही माह्याकडं. पंजाबनं बी नाही. मी म्हनलं, थांबा बे, मी बांधतो नाडा. तवा भगवंता वळला."

पुष्पाबाईंचा हात मोसंब्यावर थांबला.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

"म्हने, तू खाली जाय, गुलाब. जागा तिघाईचीच हाय." तो जरासा हसला. "खरं थेच बोलला थो. मंग मी उतरलो. काय करता?"

खिडकीबाहेर कुणीतरी हापसा हलवत होतं. मी म्हणालो, "गुलाब, आम्ही तिघं त्याच दिवशी दुपारी खाली आलो. मी समोर बसलो आहे तुझ्या."

त्यानं माझ्याकडे नीट पाहिलं. चेहरा, हात, पायांतल्या चपला. वाईट वाटू नये अशा बेतानं पाहिलं. मग आवाज खाली आणून, अनोळखी माणसाशी बोलावं तशा अदबीनं म्हणाला, "तुमी लई धावपळ केली आमच्यासाठी. उपकार झाले. एक काम करजा. भगवंता खाली उतरला की त्याले सांगजा, गुलाबराव दवाखान्यात हाय म्हना, राग नाही म्हना."

"सांगतो," मी म्हणालो.

पुष्पाबाई मला दारापर्यंत सोडायला आल्या. व्हरांड्यात कुणी नव्हतं. त्यांनी मागं वळून खाटेकडे पाहिलं, पदर सारखा केला. "मनावर घेऊ नका," त्या म्हणाल्या. "औषधाची गुंगी हाय."

मी मान हलवली आणि पायऱ्या उतरू लागलो.

"भाऊजी."

मी थांबलो. त्या दाराच्या चौकटीला धरून उभ्या होत्या. बावीस वर्षांची आमची ओळख, त्यांच्या लग्नात अंतरपाट मी धरला होता. डोळ्यांत पाणी नव्हतं, नुसती विचारपूस होती.

"खरं सांगजा," त्या हळूच म्हणाल्या. "तुमीच हा ना?"

हो म्हणायला मला जरा वेळ लागला. दम लागला होता, चौदा हजार फुटांवर लागतो तसा.